जेनेसिस नेमका कधी संपला?

आजच्या व्याख्यानाच्या पत्रकावर 'जेनेसिस : एक रसग्रहण' असं छापलंय. नाव भारदस्त आहे. खरं सांगायचं तर हा आमच्या चौघांच्या एका जुन्या भांडणाचा हिशेब आहे, आणि त्यात आम्ही तिघे हरलो, हे आधीच सांगून टाकतो. चौथा आज इथेच आहे, तिसऱ्या रांगेत. नाव घेऊ नका म्हणालाय, म्हणून घेत नाही.

आमच्यातल्या एकाचा थोरला भाऊ जहाजावर नोकरीला होता. दर सुट्टीत तो दोन-चार रेकॉर्डी आणायचा, आणि त्यांच्या कॅसेटी करून आम्ही त्या झिजेपर्यंत ऐकायचो. अशा रीतीने १९८३-८४च्या सुमारास 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' आमच्या हाती लागला. त्याच्यापाठोपाठ 'फॉक्सट्रॉट'. पुढची काही वर्षं आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं.

ज्यांना हे संगीत नवं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. १९६९ ते १९७५-७६च्या इंग्लंडमध्ये काही तरुण मुलांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. वाद्यं रॉकचीच, म्हणजे ड्रम्स, बास, इलेक्ट्रिक गिटार. पण रचना दहा मिनिटांची, कधी वीस मिनिटांची. तिच्यात चर्चच्या ऑर्गनचे सूर, युरोपीय शास्त्रीय संगीताची मांडणी, मध्येच लय बदलणं, सात किंवा नऊ मात्रांची आवर्तनं. आपल्या कानाला सात मात्रांचं भय नाही, रूपक आपण लहानपणापासून ऐकतो. तिथल्या नाचणाऱ्या पोरांना मात्र ते अवघड जायचं. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. जेनेसिस हा त्यातला एक मोठा बँड.

आता भांडण काय होतं ते सांगतो. जेनेसिसच्या चाहत्यांमध्ये जगभर एक ठरलेली कथा आहे. पीटर गेब्रिएल गात होता तोवर बँड थोर होता. १९७५ साली तो सोडून गेला, ड्रमर फिल कॉलिन्स गायला लागला, आणि मग सगळे पैशाच्या मागे लागले. आम्हीही ही कथा इमानेइतबारे मानली. कॉलिन्सची गाणी रेडिओवर लागली की एकमेकांकडे बघून नाकं मुरडायची, हा आमचा धर्म होता. चौघांतला एक मात्र म्हणायचा, "अरे, नीट ऐका तरी." त्याचं आम्ही काय केलं, ते पुढे येईलच.

ही कथा कशी तयार झाली असेल? आमच्या मते तिचं मूळ रेकॉर्डच्या पाकिटावर आहे. सुरुवातीच्या अल्बमवर गाण्यांचं श्रेय कुणा एकाला दिलेलं नसे. सगळी गाणी 'जेनेसिस'ची. हेतू चांगला होता. पण रंगमंचावर लोकांना दिसायचा तो गेब्रिएल. मुखवटे घालणारा तोच, दोन गाण्यांच्या मधे चमत्कारिक गोष्टी सांगणारा तोच. मग वर्तमानपत्रवाल्यांनी धरून चालायचं की सगळं त्याच्याच डोक्यातून येतं. तो गेल्यावर १९७६ सालच्या 'अ ट्रिक ऑफ द टेल'पासून प्रत्येक गाण्यापुढे रचनाकारांची नावं छापायला सुरुवात झाली. त्या अल्बमवर आठ गाणी आहेत. आठांपैकी आठांवर एक नाव आहे : टोनी बँक्स. दोन गाणी तर त्याच्या एकट्याची. आमच्याकडे कॅसेट होती, पाकीट नव्हतं, त्यामुळे हे आम्हाला कळायला किती वर्षं लागली ते विचारू नका.

हा बँक्स म्हणजे कीबोर्डवाला. रंगमंचावर कडेला बसायचा, चेहऱ्यावर परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा भाव. १९६७ साली सरे परगण्यातल्या चार्टरहाउस या शाळेत ही मुलं एकत्र आली : गेब्रिएल, बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स. फी भरून शिकणारी, खात्यापित्या घरची मुलं. यांतला फिलिप्स १९७०मध्येच गेला, लोकांसमोर वाजवायची त्याला भीती वाटायची. पण बारा तारांच्या दोन गिटारी एकमेकींत विणायची, ती झुळझुळ वाजणारी जेनेसिसची खास खूण, ती त्याची आणि रदरफर्डची. तेव्हा 'मूळ जेनेसिस' असा आग्रह धरणाऱ्यांनी खरं तर फिलिप्ससाठी रडायला हवं. तो गेला तेव्हाच बँड मोडायला आला होता. पुढे फिल कॉलिन्स ड्रमर म्हणून आला, तोही जाहिरात वाचून, आणि १९७१च्या सुरुवातीला स्टीव्ह हॅकेट गिटार घेऊन आला. कॉलिन्सच्या परीक्षेची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती गेब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी झाली. आपला नंबर यायला वेळ होता म्हणून कॉलिन्स तिथल्या तलावात पोहत बसला, आणि आधीचे उमेदवार काय वाजवतायत ते ऐकून ऐकून त्यानं सगळं पाठ करून टाकलं. कान असा असतो.

बँक्सचं काम कळण्यासाठी एक रचना घेऊ : 'फर्थ ऑफ फिफ्थ', १९७३. स्कॉटलंडमध्ये 'फर्थ ऑफ फोर्थ' नावाची खाडी आहे, तिच्यावरची ही कोटी. फोर्थनंतर फिफ्थ. सुरुवातीला एकटा पियानो, सव्वा मिनिटाच्या आसपास. ठेका धरायला जाल तर पाय अडखळतो, कारण तेरा आणि पंधरा मात्रांचे तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत. तरी कानाला कुठे धक्का बसत नाही. मग मधे गेब्रिएल बासरी घेतो आणि एक साधी, उदास चाल वाजवतो. थोड्या वेळानं हीच चाल हॅकेटच्या गिटारवर परत येते, आणि इथे काहीतरी घडतं. बासरीवर जी चाल घरात एकट्यानं गुणगुणल्यासारखी होती, ती गिटारवर समुद्रावर गेल्यासारखी होते. हॅकेट सूर लांबवतो, इतका की तो संपेल की काय अशी भीती वाटते, आणि तो संपत नाही. चाल बँक्सची. पण ती हॅकेटशिवाय अशी झाली नसती. आम्ही चौघांनी या एका सोलोवर जेवढा वेळ घालवला, तेवढा अभ्यासावर घातला असता तर आईवडील सुखी झाले असते.

त्याच अल्बमवर 'द सिनेमा शो' आहे. शेवटची चारेक मिनिटं नुसतं वादन, सात मात्रांत. आमच्यातला एक जण तबला शिकायचा, तो मांडीवर रूपक धरून बसायचा. हुबेहूब जमत नसे, पण पडत नसे. तर हे जे वादन आहे, ते मुळात तिघांचं : बँक्स, रदरफर्ड आणि कॉलिन्स. 'फॉक्सट्रॉट'वरच्या 'सपर्स रेडी' या तेवीस मिनिटांच्या महारचनेतला नऊ मात्रांचा भाग घ्या. त्याचा पायाही याच तिघांनी खोलीत बसून वाजवता वाजवता घातला. रदरफर्ड आणि कॉलिन्स नऊची चौकट घट्ट धरतात आणि बँक्सचा ऑर्गन त्या चौकटीची पर्वा न करता वर भटकतो. गेब्रिएलनं नंतर त्यावर शब्द गायले. बँक्स आधी वैतागला होता, आपल्या ऑर्गनवर हा का गातोय म्हणून. मग ऐकलं आणि गप्प बसला. आमच्या मते ते गाणं तिथेच शिखरावर जातं.

म्हणजे बघा, १९७८ साली उरलेले जे तिघे, ज्यांना आम्ही 'उरलेसुरले' म्हणायचो, तेच तिघे १९७२-७३च्या आमच्या सगळ्यात लाडक्या जागांच्या तळाशी होते. आम्ही ज्यांच्यावर जीव टाकत होतो त्यांनाच शिव्या घालत होतो.

याचा अर्थ गेब्रिएल कमी, असा कृपया काढू नका. त्यानं जे दिलं ते बाकी चौघांना सात जन्मांत जमलं नसतं. १९७२च्या सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात तो बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून रंगमंचावर आला. साथीदारांना आधी पत्ताच नाही. त्यांनी वाजवता वाजवता मान वळवली तर हे ध्यान! पण त्या ध्यानामुळे बँड पेपरच्या पहिल्या पानावर गेला. आवाजही बघा. थोडा खरबरीत, मधेच म्हातारा होणारा, मधेच शाळकरी. 'द म्युझिकल बॉक्स'मध्ये तो एकाच गाण्यात मूलही होतो आणि कामातुर थेरडाही होतो. आपल्याकडच्या नाटकात मुरलेल्या नटाला हे कळेल. बँक्सची रचना कधी कधी फार इस्त्री केलेली असते. गेब्रिएल तिला चुरगळायचा.

मग आला 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे', १९७४च्या नोव्हेंबरमध्ये. दोन रेकॉर्डींचा अल्बम, न्यूयॉर्कमधल्या राएल नावाच्या पोर्टो रिकन पोराची स्वप्नासारखी कथा. गेब्रिएलनं हट्ट धरला की कथा माझी, शब्दही मीच लिहिणार. जवळजवळ सगळे त्यानंच लिहिले. हॅम्पशरमधल्या एका जुन्या वास्तूत, हेडली ग्रेंजमध्ये, चौघे एका खोलीत संगीत करतायत आणि हा दुसऱ्या खोलीत शब्द लिहितोय. त्यातच त्याच्या पहिल्या मुलीचा जन्म झाला, बाळंतपण अवघड होतं, बाळाच्या जिवाला धोका होता. तो तिकडे धावणार की नाही? साथीदार पंचविशीच्या आतबाहेरची पोरं, त्यांना ते नीट उमगलं नाही. हे पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलंय. दौरा सुरू झाल्या झाल्याच गेब्रिएलनं सांगितलं की मी जाणार. तरी मे १९७५पर्यंत सगळा अल्बम रोज रात्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. एका गाण्यात तो गळवांनी भरलेला असा काही पोशाख घालायचा की माइक तोंडाशी नेता यायचा नाही.

अल्बमबद्दल आमचं मत : पहिली रेकॉर्ड अद्भुत, दुसरी पसरट. 'इन द केज', 'कार्पेट क्रॉलर्स' ही गाणी कधीही, कुठेही. पण चौथ्या बाजूला राएलचं काय झालं याची आम्हाला फारशी फिकीर उरत नाही. सभागृहात कुणी तरी मान हलवतंय. चालेल.

तो गेला आणि पुढच्याच वर्षी, १९७६च्या फेब्रुवारीत 'अ ट्रिक ऑफ द टेल' आला. नवा गायक शोधायला बरेच उमेदवार तपासले होते, कुणी पसंत पडेना. शेवटी ड्रमर म्हणाला, मी बघू का? 'स्क्वॉन्क' हे गाणं गायला आणि विषय संपला. खरं तर विषय १९७१मध्येच संपायला हवा होता. 'नर्सरी क्राइम'वर 'फॉर अ‍ॅब्सेंट फ्रेंड्स' कॉलिन्सच गायलाय, आणि गेब्रिएलच्या मागचे वरचे सूर बहुतेक जागी त्याचेच आहेत. आम्ही जुन्या अल्बमवर 'गेब्रिएल काय गातो!' म्हणत होतो, त्यातला काही भाग कॉलिन्स होता. हसू नका, खरंच.

आमच्यापुरतं सांगायचं तर बँडला खरा घाव बसला तो १९७७मध्ये, हॅकेट गेला तेव्हा. त्याची कुणी बातमी केली नाही, कारण तो खुर्चीवर बसून, मान खाली घालून वाजवायचा. १९७६च्या अखेरीस आलेल्या 'विंड अँड वदरिंग'वर 'ब्लड ऑन द रूफटॉप्स' नावाचं गाणं आहे, हॅकेट आणि कॉलिन्स यांचं. सुरुवातीला नायलॉनच्या तारांची गिटार, पावसाळी दुपारसारखी. शब्दांत टीव्हीसमोर बसलेली कंटाळलेली इंग्लिश दुपार. अशी गाणी हॅकेटकडे आणखी होती, पण अल्बममध्ये त्याला हवी तेवढी जागा मिळेना. तो गेला, आणि जाताना तो लांबलेला सूर घेऊन गेला. रदरफर्डनं गिटार उचलली. रदरफर्ड उत्तम बासवाला आहे, आणि इथेच थांबतो.

आता 'ड्यूक'. १९८० सालचा अल्बम, इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा पहिला. आमच्या लेखी हाच गुन्हा. चौथ्या मित्रानं तो आणला, आम्ही पहिली बाजू ऐकली, 'मिसअंडरस्टँडिंग' हे गाणं लागलं आणि टेप बंद केला. एक जण म्हणाला, "हे तुझ्या बहिणीच्या लग्नात लाव." तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जवळजवळ वर्षभर तो आमच्यात नव्हता. एका बँडपायी! आज सांगताना लाज वाटते. त्या वयात मात्र आम्हाला वाटायचं की आपण काहीतरी जपतोय.

मग एके दिवशी तो आला आणि एक कॅसेट ठेवून गेला. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही लावली. अर्ध्या तासाची एकच सलग रचना. रणशिंगासारखा कीबोर्ड, धावती लय, मग साध्या ड्रम-यंत्राच्या ठेक्यावर हळूहळू उभं राहणारं, यश मिळवून ते गमावणाऱ्या गायिकेचं गाणं. मग एक छोटं गाणं, नुसता आवाज आणि कीबोर्ड. मग तेरा मात्रांचा एक तुफान ठेका, मग लांबलचक वादन, त्याच्या शेवटी ते छोटं गाणं परत, आता पूर्ण ताकदीनं. आणि अगदी शेवटी सुरुवातीची धून. आम्ही तिघे तोंडाकडे तोंड बघत बसलो. जहाजवाल्या दादानं कुठला तरी अप्रकाशित अल्बम आणला असावा, अशी आमची खात्री झाली.

तो 'ड्यूक'च होता. सहा गाणी : 'बिहाइंड द लाइन्स', 'डचेस', 'गाइड व्होकल', 'टर्न इट ऑन अगेन', 'ड्यूक्स ट्रॅव्हल्स', 'ड्यूक्स एंड'. अल्बममध्ये ती विखुरलेली आहेत, त्यानं कानानं धागा पकडून एकामागे एक जोडली होती. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आलं की बँडनं ही सहा गाणी मुळात एकच सलग रचना म्हणून केली होती. 'सपर्स रेडी'शी तुलना होईल म्हणून त्यांनीच ती तोडून वेगवेगळी ठेवली, आणि १९८०च्या दौऱ्यात मात्र सलग वाजवली. म्हणजे आम्ही ज्याची वाट बघत होतो ते आमच्या समोर होतं, फक्त वेगळ्या क्रमानं. 'टर्न इट ऑन अगेन'वर लोक नाचायला जातात आणि तेराव्या मात्रेला पाय चुकतो. रेडिओवर वाजणारं हिट गाणं आहे ते! आणि यांना आम्ही बाजारू म्हणत होतो.

पुढच्या अल्बमबद्दल थोडक्यात. 'अ‍ॅबाकॅब' कोरडा, पण मुद्दाम कोरडा. १९८३च्या अल्बममधलं 'मामा' अंधारात ऐकू नये. १९८६च्या 'इन्व्हिजिबल टच'चा ड्रम आम्हाला आजही पत्र्यावर पडल्यासारखा वाटतो, तरी त्यावर जवळजवळ अकरा मिनिटांचं 'डॉमिनो' आहे, हे विसरू नये. कॉलिन्स गेल्यावर १९९७ साली रे विल्सनला घेऊन केलेला अल्बम, त्याबद्दल बोलत नाही. विल्सनचा दोष नव्हता.

ड्रमवरून आठवलं. ज्या दोघांना आम्ही एकमेकांविरुद्ध उभं करत होतो, त्यांचं काय चाललं होतं? गेब्रिएलचा तिसरा स्वतंत्र अल्बम १९८० सालचा. त्यातल्या 'इंट्रूडर'वर ड्रम्स कोण वाजवतंय? फिल कॉलिन्स. गेब्रिएलची अट होती की झांजा वाजवायच्या नाहीत. स्टुडिओत वादकांचं बोलणं आतल्या तंत्रज्ञांना ऐकू यावं म्हणून एक माइक लावलेला असतो. त्या माइकमधून ड्रमचा आवाज दाबून, फुगून येत होता, आणि दुसऱ्या एका यंत्रानं त्याचा घुमारा मध्येच कापला की थाप भिंतीवर आदळून थांबल्यासारखी वाटायची. ध्वनितंत्रज्ञ ह्यू पॅडहॅम तिथे होता. तोच आवाज पुढच्या वर्षी कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये आला आणि सगळ्या ऐंशीच्या दशकावर पसरला. हा आवाज सोडून गेलेल्यानं आणि त्याच्या जागी आलेल्यानं मिळून काढला. १९८२च्या ऑक्टोबरात गेब्रिएलचा 'वोमॅड' महोत्सव कर्जात बुडाला, तेव्हा हेच जुने साथीदार मिल्टन कीन्सला भर पावसात त्याच्यासाठी वाजवायला उभे राहिले. शेवटी हॅकेटही आला. आणि १९८६च्या जुलैत 'इन्व्हिजिबल टच' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, ते तिथून खाली कुणी खेचलं? गेब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'नं. त्यांच्यात भांडण नव्हतंच म्हणा. भांडण आमच्याकडे होतं.

२६ मार्च २०२२ला लंडनमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. कॉलिन्स खुर्चीवर बसून गायला. पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं त्याचे हात ड्रम वाजवायचे राहिले होते, मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक होता, विशीतला. गेब्रिएल प्रेक्षकांत बसला होता. कॉलिन्सनं रंगमंचावरून चेष्टा केली की 'सपर्स रेडी' वाजवा म्हणून मघापासून ओरडतोय तो तोच असणार. आणि शेवटचं गाणं त्यांनी कुठलं निवडलं? 'कार्पेट क्रॉलर्स'. 'लॅम्ब'वरचं, गेब्रिएलच्या शब्दांचं. आम्ही चौघांनी ते मोबाइलवर, कुणीतरी गर्दीतून हलत्या हातानं टिपलेलं पाहिलं. कॉलिन्सचा आवाज खाली उतरला होता, वरचे सूर त्यानं साथीदारांवर सोपवले होते. एके काळी तो गेब्रिएलच्या मागे वरचे सूर लावायचा, ते आता दुसरं कुणीतरी त्याच्यासाठी लावत होतं. आमच्यातल्या एकानं फोन बाजूला ठेवला आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या गृहस्थांना म्हणाला, "ती कॅसेट आहे का रे अजून?"

आहे. फीत एका जागी खेचली गेलीय, त्यामुळे 'डचेस'च्या सुरुवातीला सूर जरा हलतो, तेवढं सांभाळून घ्या. अर्धा तास लागेल. प्रश्नोत्तरं त्यानंतर. मागचे दिवे कुणी बंद करेल का? आणि साहेब, तुम्ही या वर, बटण तुम्हीच दाबा.